हायब्रिड गाडी, नागपूरचा मे आणि रजईचा कापूस

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आठवतंय? पुण्या-मुंबईच्या मित्रांनी त्या दिवशी 'जिवंत आहेस ना रे' असे मेसेज टाकून मला हैराण केलं होतं. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपुरातल्या स्वयंचलित केंद्राने तो आकडा दिला होता. नंतर हवामान विभागाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये बिघाड होता, आकडा चुकीचा आहे. नागपूरचा खरा विक्रम त्याआधीचा, २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. तोही काही कमी नाही म्हणा.

पण मला त्या बातमीत गंमत वाटली ती वेगळीच. उन्हाळा मोजायला ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक्स उन्हाळ्यातच वाया गेलं! माणूस पन्हं पितो, डोक्याला दुपट्टा बांधतो, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही. यंत्राला ही सोय नाही. ते जिथे ठेवलं तिथे उभं. आणि हल्ली आपण ज्या गाड्या घेतो त्यांत इंजिनापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच जास्त, हायब्रिड असेल तर विचारूच नका. गेले दोन महिने माझे वीकएंड अशाच एका हायब्रिड गाडीपायी गेले आहेत, म्हणून हा लेख.

गाडी माझी नाही, मामांची. मामांचं सीताबर्डीत मोदी नंबर तीनमध्ये गाद्या-रजयांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. ज्यांनी मोदीच्या गल्ल्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी: व्हरायटी चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन ॲक्टिव्हा समोरासमोर आल्या की तिसऱ्याने वाट बघायची, अशा त्या गल्ल्या. तिथे मामांनी चार वर्षांपूर्वी एक लांबलचक सेकंडहँड हायब्रिड सेडान आणून उभी केली. (कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे का ते कळेल.) आता गाडीला नऊ वर्षं होतील. बॅटरीची वॉरंटी संपलेली.

गाडी हौसेसाठी नाही. मामींचं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं, वर्धा रोडवर, घरापासून आठेक किलोमीटर. सकाळी नऊला सोडायचं, दुपारी एक-दीडला आणायचं. ज्यांच्या घरात कोणी डायलिसिसवर आहे त्यांना माहीत असेल, चार तासांनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, कधीकधी बीपी खाली येतं. अशा वेळी नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दीड वाजता थंड, शांत, गचके न देणारी गाडी ही चैन नव्हे.

आणि नेमक्या याच गाडीने अजनी चौकाच्या सिग्नलला दगा दिला. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण, हायब्रिड सिस्टिम ओव्हरहीट झाल्याचा मेसेज, आणि दोन मिनिटांत एसीतून गरम हवा. मामींना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मामांनी गाडी बाजूला घेतली, ऑटो केला आणि मामींना घरी नेलं. गाडी तासाभराने आपोआप ठीक झाली, जणू काही झालंच नव्हतं.

वर्कशॉपचा निकाल दोन दिवसांत आला. बॅटरी गेली आहे, पावणेदोन लाख. मामांनी गाडी विकायची भाषा सुरू केली आणि मी माझी ब्लूटूथची ओबीडी डोंगल घेऊन शनिवारी सकाळी सीताबर्डीला पोचलो.

पण आधी थोडं गाडीविषयी, नाहीतर पुढचं लागणार नाही.

साध्या गाडीत थंड ठेवायची गोष्ट एकच, इंजिन. रेडिएटर, पंप, पंखा, संपलं. हायब्रिडमध्ये तीन वेगळे संसार आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. पहिलं इंजिन. ते ९० अंशांच्या आसपासच नीट चालतं, फार थंड असेल तर उलट नाराज असतं. दुसरा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा डबा. त्याच्यात मोठमोठे ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्यासाठी वेगळा कूलंट, वेगळी छोटी टाकी, वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि बहुतेक गाड्यांत वेगळा किंवा विभागलेला रेडिएटर असतो. हा कूलंट साधारण ६५ अंशांच्या आत राहावा असा या गाड्यांचा हिशोब असतो. तिसरी बॅटरी. तिला ना कूलंट ना रेडिएटर. मामांच्या गाडीसारख्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीला एक पंखा असतो, आणि तो पंखा हवा घेतो कुठून, तर आपण बसतो त्या केबिनमधून. मागच्या सीटच्या बाजूला एक साधी प्लॅस्टिकची जाळी असते. बहुतेकांना ती स्पीकरची वाटते.

आता गणित बघा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर अवलंबून. पुण्यात जानेवारीत हवा २५ अंश. इंजिनाला ९० वजा २५, म्हणजे ६५ अंशांचा फरक मिळतो. नागपुरात मे महिन्यात हवा ४७ धरा. फरक उरला ४३. म्हणजे इंजिनाच्या रेडिएटरची एक तृतीयांश ताकद गेली. वाईट आहे, पण इंजिनवाले एवढी गुंजाइश ठेवतात. इन्व्हर्टरचं बघा. ६५ वजा २५ म्हणजे ४०. आणि ६५ वजा ४७ म्हणजे फक्त १८! निम्म्याहून जास्त ताकद नुसत्या हवेने खाल्ली. त्यात पुढे एसीचा कंडेन्सर असतो, तो हवा आणखी तापवून मागे देतो, आणि डांबराजवळची हवा वेधशाळेच्या ४७ पेक्षा वरच असते. इंजिनाला ऊन जाणवतं, इन्व्हर्टरला ऊन लागतं.

बॅटरीचं तर त्याहून विचित्र. तिची हवा केबिनमधली. एसी चालू असेल तर २६ अंशांची, बॅटरी खूश. एसी बंद आणि गाडी उन्हात उभी राहिलेली असेल तर केबिनमध्ये ५५-६०. म्हणजे ४० अंशांच्या बॅटरीवर पंखा ५५ अंशांची हवा मारणार. याला कूलिंग म्हणत नाहीत, याला भाजणं म्हणतात.

आणि हे सगळं नुसत्या हार्डवेअरचं नाही, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांना मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस जगभरातून परत बोलावल्या. दोष कशात? सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये! त्या सेटिंगमुळे व्होल्टेज वाढवणाऱ्या भागातल्या काही ट्रान्झिस्टरवर जास्त उष्णतेचा ताण यायचा आणि ते खराब होऊ शकायचे. उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदललं. उष्णतेवर पॅच! त्याआधी नोव्हेंबर २०१२ च्या मोठ्या रिकॉलमध्ये हायब्रिडच्या इलेक्ट्रिक वॉटर पंपाचाही प्रश्न होता. (मामांची गाडी ही नव्हे, दोन्हींत ती नव्हती.) मुद्दा एवढाच की ज्यांनी हायब्रिड जगात रुजवली त्यांनाही उष्णतेने दोन वेळा वर्गाबाहेर उभं केलं. तिथे नऊ वर्षांच्या गाडीचं आणि आमच्या वर्कशॉपचं काय घेऊन बसलात.

तर शनिवार. डोंगल लावली, फोनवर ॲप उघडलं. पहिली गोष्ट पाहिली ती बॅटरीच्या ब्लॉक्सचे व्होल्टेज. बॅटरी मरते तेव्हा सहसा सगळी एकदम मरत नाही, एखादा ब्लॉक आधी लंगडतो आणि जोर लावला की त्याचं व्होल्टेज इतरांपेक्षा पटकन खाली जातं. इथे सगळे ब्लॉक जवळजवळ हातात हात घालून वर-खाली होत होते. फरक ०.२ व्होल्ट. म्हणजे वर्कशॉपने नेमकं काय बघून पावणेदोन लाख लिहिले देव जाणे. रिपोर्ट मागितला तर 'सिस्टिममध्ये एरर आहे' एवढंच. एरर होताच की, पण तो तापमानाचा होता.

मग तापमान. बॅटरीला तीन सेन्सर, शिवाय आत येणाऱ्या हवेला एक. मामांना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसंच सगळं करा, मी नुसता बाजूला बसतो. मामींना सोडून परत आलो. गाडी दुकानाजवळ रस्त्यावर उन्हात उभी. गल्लीत सावली मिळत नाही, मिळाली तर तिथे आधीच कोणीतरी असतं. एक वाजता मामांनी दुकानातून चार रजया आणि दोन तक्के मागच्या सीटवर टाकले, वाटेत एका गिऱ्हाइकाकडे द्यायचे होते. काचा बंद. एसी बंद.

"मामा, एसी?"

"एकट्यासाठी कायले पाहिजे एसी? मामी बसली की लावतो न. पेट्रोल काय झाडाला लागते?"

मी धरून गाडीत दोघे होतो, पण असो.

सुरू करतानाच बॅटरी ४६. वीस मिनिटांत ५३. पंखा पूर्ण वेगाने, घूं घूं आवाज करत. आत येणारी हवा म्हणून सेन्सर जो आकडा दाखवत होता तो केबिनपेक्षा नऊ अंश जास्त. हे कसं शक्य आहे? हवा केबिनमधूनच येते ना? ५६ अंशांचा किस्सा डोक्यात होताच, सेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. घरून कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक आणली होती, ती ४२ च्या वर गेलं की आकड्याऐवजी नुसतं 'हाय' दाखवते. (नागपुरात ती मे महिन्यात कायम हाय हायच करते.) शेवटी मामींच्या स्वयंपाकघरातला केक भाजायचा डिजिटल थर्मामीटर केबिनमध्ये लटकवला होता, तो कामाला आला. सेन्सर खोटं बोलत नव्हता. केबिनमधली हवा बॅटरीपर्यंत पोचतच नव्हती, पंखा आतल्याआत तीच गरम हवा घुसळत होता.

मागे वळून पाहिलं तर जाळीवर रजई टेकलेली.

दुसऱ्या दिवशी रविवारी ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन पोराला बोलावलं. गाडी बंद, चावी घरात, तासभर थांबलो. नारिंगी केबलला हात लावायचा नाही हे त्याला माहीत होतं, तुम्हीही लक्षात ठेवा. दोनशे व्होल्ट डीसी असतात तिथे, बॅटरीच्या झाकणाशी खेळ करायचा नाही. आम्हाला फक्त जाळी, तिच्यामागचा फिल्टर आणि पंखा हवा होता. जाळी निघाली. फिल्टर म्हणून जे काही होतं ते राखाडी नमद्यासारखं दिसत होतं. पंखा बाहेर काढल्यावर तो पोरगा हसायलाच लागला.

"सर, ह्याच्यात तर अख्खी रजई भरून राहिली."

खरंच. चार वर्षं मागच्या सीटवरून गाद्या, रजया, उशा वाहिल्या होत्या. कापसाचे तंतू हवेबरोबर आत खेचले गेले, पंख्याच्या पात्यांवर बसले, त्यावर सीताबर्डीची धूळ, त्यावर परत कापूस. पात्यांमधल्या फटी बुजलेल्या. पंखा फिरत होता, आवाज करत होता, हवा मात्र हलत नव्हती. आणि ही जाळी वर्कशॉपच्या कुठल्याही सर्व्हिसच्या बिलात मला सापडली नाही. ऑइल होतं, एसीचा फिल्टर होता, 'जनरल चेकअप' तर दर वेळी होतं.

मला वाटलं होतं मामांना हे समजावायला अर्धा तास लागेल. मामांनी पंख्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ह्याचं गवत बदलायचं राहिलं."

वाचक नागपूरचे नसतील तर सांगतो. आमच्याकडे मार्च लागला की घरोघरी कूलर उतरवतात, क्षाराने कडक झालेलं जुनं गवत काढून नवीन भरतात, पंप तपासतात, मग खिडकीत लावतात. गवत जुनं राहिलं तर मोटर कितीही फिरवा, हवा दमटच येणार. हे इथल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. मामा तर म्हणाले की कूलर खिडकीत का लावतात, बाहेरची हवा मिळावी म्हणून न, मग ही बॅटरी मधात बसून माझीच हवा खाऊन राहिली होती तर मला एसी लावून बसायला पाहिजे होतं. जे मी चार परिच्छेदांत लिहिलं ते त्यांनी एका वाक्यात केलं. मी एवढंच जोडलं की कूलरला आमच्याकडची कोरडी हवा मदत करते, पाणी उडून जाताना गारवा देतं. गाडीच्या रेडिएटरला ती मदत नाही. त्याचं पाणी बंद नळीत फिरतं, त्यामुळे ४७ म्हणजे त्याला ४७ च.

ब्रशने, व्हॅक्यूमने सगळं साफ केलं. फिल्टर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवला. मजुरी सहाशे रुपये. पोराने बोनेट उघडून आणखी एक गोष्ट दाखवली. इन्व्हर्टरची छोटी टाकी. इंजिनाच्या टाकीपासून वेगळी, बाजूला, कोणी लक्ष न देणारी. पातळी खालच्या रेघेच्याही खाली. गाडी सुरू केल्यावर आतला कूलंट हलताना दिसत होता, म्हणजे पंप जिवंत होता, पण रंग गुलाबीऐवजी फिकट, पाणचट. कोणीतरी कधीतरी त्यात नळाचं पाणी घातलं असावं. आधीच्या मालकाने की कुठल्या पंपावरच्या पोराने, आता कळायला मार्ग नाही. साधं पाणी दोन प्रकारे नुकसान करतं. गंज धरवतं, आणि जड पाणी असेल तर बारीक वाटांमध्ये क्षार बसवतं. इन्व्हर्टरच्या खालच्या थंड पट्टीतल्या त्या वाटा बारीकच असतात. वर १८ अंशांचाच फरक हातात, त्यात क्षाराचा थर, मग ट्रान्झिस्टर बिचारा जाणार कुठे?

त्यानंतरचे तीन आठवडे मी डोंगलचा डेटा नोंदवत बसलो. (बायको म्हणाली, ऑफिसमध्ये सर्व्हरचे ग्राफ बघतोस, शनिवारी गाडीचे. काही चुकीचं बोलली नाही.) मामांनी गाडी उभी करण्यासाठी ओळखीच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर महिन्याने जागा घेतली. निघताना आधी दोन मिनिटं चारही काचा खाली, मग एसी, एकटे असले तरी. रजया आता डिकीत जातात, सीटवर फक्त माणसं. बॅटरी सुरू होताना ३९, वर्धा रोडला पोचेपर्यंत ४१, परत येताना ४२ च्या वर एकदाही नाही, आणि बाहेर ४५ होतं. पंखा बहुतेक वेळ मधल्या वेगात. ॲव्हरेजही एसी लावून आधीपेक्षा चांगलं. मामांचा यावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. पण कारण सरळ आहे. बॅटरी तापली की गाडीचा कॉम्प्युटर तिच्यातून वीज घ्यायला आणि ब्रेक मारताना तिच्यात वीज भरायला मर्यादा घालतो, मग इंजिन जास्त वेळ चालतं. एसीचं पेट्रोल वाचवायला गेलात की ते इंजिनाच्या खात्यावर वसूल होतं. सिग्नलवरून जोरात न उचलणं हेही तसंच. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, आणि नागपुरात ती टाकायला जागा नाही.

अजनी चौकात परत काही झालेलं नाही. मामी आता पुढच्या सीटवर बसतात आणि एसीचा झोत पायांवर घेतात, थेट चेहऱ्यावर त्यांना सोसत नाही. मागच्या शनिवारी उतरताना म्हणाल्या, "पंख्याचा तो आवाज बंद झाला ते बरं झालं. मला वाटायचं माझ्याच कानात होतो."

राहिलं आहे ते इन्व्हर्टरच्या कूलंटचं काम. पूर्ण जुना काढून, आत डिस्टिल्ड वॉटर फिरवून, कंपनीने सांगितलेला तयार कूलंट भरायचा. हे मी घरी करणार नाही. त्या नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर पंप फिरत राहतो आणि कूलंट जागचा हलत नाही, आणि हवा काढायला पंप ठरावीक पद्धतीने चालवणारं मोठं स्कॅनर लागतं, माझ्या डोंगलला ते जमत नाही. वर्कशॉप दुसरं शोधलं आहे. त्याला पहिला प्रश्न हाच विचारला की इन्व्हर्टरची हवा कशी काढता. त्याने स्कॅनर आणून दाखवला. मंगळवारची वेळ घेतली आहे, त्या दिवशी डायलिसिस नसतं.